जुना माल आधी

जुळे सोलापुरातल्या त्या फ्लॅटमध्ये शिवानीचं ऑफिस म्हणजे इस्त्रीचं टेबल. दुपारी जेवणं आटोपून भांडी पालथी पडली की टेबलावरची जाड चादर निघायची आणि तिथे लॅपटॉप यायचा. शिवानीच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला झोळीची दोरी बांधलेली असे. झोळीत दीड वर्षांची चिन्नी. पायाने झोका द्यायचा, हाताने काम करायचं. पाय थांबला की चिन्नी जागी, आणि चिन्नी जागी झाली की ऑफिस बंद.

एवढ्याशा ऑफिसात ती आठ महिन्यांपासून वेबसाइटची पानं करायला शिकत होती. आधी अक्षरं लहान-मोठी करता येऊ लागली, मग रंग, मग बोट लावलं की उलगडणारी यादी. ती यादी उलगडली त्या दुपारी तिला कोणाला तरी दाखवावंसं वाटलं, पण घरात जागं कोणी नव्हतं. म्हणून चिन्नीलाच उठवून दाखवली. चिन्नीने यादीवर भाताचं बोट टेकवलं आणि यादी पुन्हा मिटली. शिवानीला वाटलं, पोरगी हुशार आहे.

सासूबाईंना, म्हणजे पार्वतम्मांना, या उद्योगाचा राग नव्हता आणि कौतुकही नव्हतं. लॅपटॉपला त्या डबडं म्हणत. खालच्या मजल्यावरच्या श्रीदेवीने विचारलं, सून काय करते, तर सांगत, "काय न्हाय की. घरीच असती." त्यात टोमणा नसायचा, नुसती माहिती असायची. शिवानीला तेच जास्त लागायचं.

पार्वतम्मा स्वतः मात्र घरी नसायच्या. रोज सकाळी रिक्षाने भवानी पेठेत जायच्या. तिथे अकरा बायकांचा बचत गट कडक भाकरी आणि शेंगाचटणी करायचा. जानेवारीत सोलापुरात भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेआधी गटाची वेबसाइट व्हावी, असं अध्यक्ष सोजरबाईंनी मनावर घेतलं होतं. त्यांच्या बहिणीचा मुलगा युवराज पुण्यातल्या एका कंपनीला ओळखत होता, आणि ती कंपनी सगळं करून देणार होती. बैठकीत सगळ्या बायका माना हलवत असताना पार्वतम्मांच्या तोंडून निघून गेलं, "आमची शिवानी बी करती तसलं कायतरी."

बोलल्या आणि पस्तावल्या. घरी येऊन चप्पल काढायच्या आधीच त्यांनी सुनेला गाठलं.

"मी बोलून बसले बग. येता रविवार सोडून पुडल्या रविवारी दोगांचं बगनार हायत. युवराजचं आन् तुजं. न्हाय जमत तर आत्ताच सांग, ताप आलाय म्हणून कळवते."

"कोणाला ताप?"

"मला."

"जमेल, आत्या," शिवानी म्हणाली. काम नाही मिळालं तर गटाचं काही बिघडत नव्हतं. पण मग 'घरीच असती' हे शब्द तिच्या नावापुढे कायमचे बसणार होते, इस्त्रीच्या टेबलावर पुन्हा नुसती इस्त्री होणार होती, आणि तोंडातून एकदाच सुनेचं नाव काढणाऱ्या पार्वतम्मा अकरा बायकांत खाली बघत भाकरी थापणार होत्या.

वेबसाइट कोऱ्या कागदावरून कोणी करत नाही. तयार साचे मिळतात. साचा उतरवून घ्यायचा, त्यातला मजकूर आणि चित्रं काढायची, आपली घालायची. सरावासाठी जूनमध्येच उतरवून ठेवलेल्या साच्यांतला सर्वांत देखणा शिवानीने निवडला; तो कुत्र्यांना आंघोळ घालायच्या परदेशातल्या दुकानाचा होता. त्यात चोवीस चित्रं, आणि चोवीसही कुत्र्यांची. कोणी मानेपर्यंत फेसात बुडालेलं, कोणी टॉवेल गुंडाळून बसलेलं, कोणाच्या कानाला रिबीन. चिन्नी ते पान पाहून तेव्हाच इतकी खुळावली होती की तिला भरवायचं असलं की शिवानी साचा उघडून ठेवायची. एक घास, एक भू भू.

मग शिवानी चार सकाळी भवानी पेठेत गेली आणि फोनवर फोटो काढून आली. परातीतलं पीठ, तव्यावर फुगलेली भाकरी, वाळून पापडासारख्या कडक झालेल्या भाकऱ्यांची चवड, आणि काम करणाऱ्या बायका. बजाबाई पदराआड लपल्या. "आदी सांगायचं की गं, पावडर तरी लावली असती." पण फोटो त्याच क्षणाचा चांगला आला, पदराआडून एक डोळा हसत असलेला.

पान तयार झालं तसं शिवानीच्या नवऱ्याने, प्रभुने, ते पेनड्राइव्हवर घेतलं आणि ऑफिसात साहेबांना दाखवायला नेलं. तो एका ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये कारकून होता आणि बायकोचं कौतुक बायकोसमोर सोडून सगळीकडे करायचा. संध्याकाळी आला तो पायमोजे काढत बराच वेळ खाली बघत बसला.

"दाखवलं?" शिवानीने विचारलं.

"दाखवलं की. साहेब म्हणाले, फ्रेमा लई छान आहेत. फोटो कधी लावणार?"

शिवानीच्या लॅपटॉपवर चोवीस फोटो जिथल्या तिथे होते. प्रभुच्या ऑफिसात चोवीस रिकाम्या चौकटी आणि प्रत्येकीत कोपरा फाटलेल्या कागदाचं इवलंसं चित्र. दोन दुपारी शिवानी डोकं धरून बसली. शेवटी चूक सापडली. पानात चित्र नसतंच मुळी, चित्र कुठे ठेवलं आहे तो पत्ता असतो. तिने पत्ता अगदी सविस्तर लिहिला होता: ह्या लॅपटॉपमध्ये, शिवानीच्या खात्यात, डेस्कटॉपवर, भाकरी नावाच्या फोल्डरात, त्यातल्या चित्रांच्या फोल्डरात. प्रभुच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरमध्ये शिवानी नावाचं कोणी राहतच नव्हतं. पान बिचारं दारोदार विचारून परत आलं होतं.

चूक कळली, पण पत्ता कसा लिहावा ते उमगेना. ती स्वतःशीच मोठ्याने बोलत होती आणि पलीकडे सासरे, सिद्धप्पा, शेंगदाणे निवडत बसले होते.

सिद्धप्पा एकतीस वर्षं एका चादरींच्या मिलमध्ये गोडाऊनकीपर होते. मिल बंद पडून दहा वर्षं झाली, पण त्यांचं गोडाऊन चालूच होतं, फक्त आता त्यात डाळी, साबण आणि लोणचं होतं. त्यांचे नियम तीन. पहिला, जुना माल आधी. मागच्या वर्षीची लोणच्याची बरणी संपल्याशिवाय या वर्षीची उघडायची नाही. त्यामुळे पार्वतम्मा दर उन्हाळ्यात ताजं लोणचं घालत आणि घर वर्षभर गेल्या वर्षीचं खात असे. लग्न होऊन आल्यापासून ताजं लोणचं त्यांनी फक्त शेजाऱ्यांकडे खाल्लं होतं. दुसरा नियम, घराबाहेर जाणाऱ्या वस्तूला गेट पास. खाली श्रीदेवीकडे साखर गेली तरी सिद्धप्पा जुन्या पासबुकात, म्हणजे गेट पासच्या वहीत, लिहीत: साखर, वाटी एक, वाटी परतीची. आणि तिसरा, गठ्ठा फोडून आत बघायचं नाही. गठ्ठ्यावरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवायचा.

शेंगदाणे बाजूला सारून ते म्हणाले, "मिलचं गोडाऊन आदी भवानी पेठेत हुतं. मग एमआयडीसीत नेलं. मी चिठ्ठीवर भवानी पेठ, मारुतीच्या मागं, तिसरं रॅक असं लिवलं असतं तर नव्या जागी हमाल मारुती हुडकत बसला असता की. मी निस्तं लिवायचो, उबा हायस तितनं आत, तिसरं रॅक, सातवा खण. मग गोडाऊन कुटं बी न्या."

शिवानीचा पाय थांबला. झोळीत चिन्नी कुरकुरली, तरी शिवानी सासऱ्यांकडे बघतच राहिली. ज्या व्हिडिओंवरून ती शिकत होती त्यातल्या मुलाने हीच गोष्ट चाळीस मिनिटं सांगितली होती आणि तिला कळली नव्हती.

"म्हणजे पान जिथे आहे तिथून मोजायचं, मामा? बाहेरच्या दारापासून नाही?"

"दार कशाला मदी? आन् आनकी एक. रॅकचे नंबर बदलू नगंस. रॅक त्योच, माल बदल."

ते तिने तंतोतंत केलं. साच्यात चित्रांना एक ते चोवीस असे आकडे होते. तिने आपल्या फोटोंना तेच आकडे दिले. फेसातल्या कुत्र्याचा एक नंबर ज्वारीच्या भाकरीला, टॉवेलातल्याचा दोन नंबर बाजरीच्या. मूळ साचा चिन्नीच्या जेवणासाठी वेगळा राहू दिला, भाकरीचा फोल्डर वेगळा. पान काही गोष्टी, अगदी अक्षरांची वळणंसुद्धा, नेटवरून मागवत होतं. त्याही तिने एकेक करून फोल्डरात आणून ठेवल्या. मग राउटरची वायर उपसली, सिद्धप्पांना साक्षीला उभं केलं आणि पान उघडलं. नेट नाही, काही नाही, आणि चोवीसही फोटो हजर. फोल्डर उचलून प्रभुच्या ऑफिसात पाठवला. तिथेही हजर. साहेबांनी शेंगाचटणी कुठे मिळते ते विचारलं.

"माज्या गोडाऊनची पद्धत हाय ती," असं सिद्धप्पांनी त्या आठवड्यात दूधवाल्यालाही सांगितलं. सुनेच्या वेबसाइटमध्ये आपलाही हात आहे हे त्यांना फार आवडलं होतं, आणि तिथेच पुढच्या घोटाळ्याची सुरुवात झाली.

रविवारी बैठक चारला होती. लॅपटॉपच्या ज्या खाचेत टीव्हीची वायर जाते त्या खाचेत चिन्नीने महिन्यापूर्वी अर्धा शेंगदाणा बसवला होता आणि तो अजून तिथेच होता. म्हणून लॅपटॉप न्यायचा प्रश्न नव्हता. बैठकीच्या हॉलमधल्या, टीव्हीला जोडलेल्या कॉम्प्युटरवर पेनड्राइव्ह लावायचं ठरलं. दुपारी शिवानीने फोल्डर पेनड्राइव्हवर घेतला, तिथूनच उघडून एकदा पाहिला, सगळं ठीक. मग सिद्धप्पांना म्हणाली, "मामा, जरा लक्ष ठेवा," आणि चिन्नीला आंघोळ घालायला गेली.

लक्ष ठेवा हे गोडाऊनकीपरला सांगू नये. सिद्धप्पांनी चष्मा लावला. गेल्या दोन-तीन महिन्यांत ते नातीला भरवण्यासाठी साचा उघडायला शिकले होते, फोल्डर इकडचे तिकडे करायलाही शिकले होते. त्यांनी पाहिलं तर काय, चित्रांचे दोन फोल्डर, दोन्हींचं नाव एक, दोन्हींत एक ते चोवीस नग. एकावर तारीख जूनची, दुसऱ्यावर डिसेंबरची. आणि पेनड्राइव्हवर, म्हणजे बाहेर जाणाऱ्या गाडीवर, पोरीने डिसेंबरचा माल चढवला होता. जूनचा तसाच पडून.

पोर घाईत आहे, चुकायचंच, असं म्हणून त्यांनी ती चूक दुरुस्त केली. नवा माल पेनड्राइव्हवरच 'शिल्लक' असा फोल्डर करून मागे सरकवला आणि त्याच्या जागी जूनचा आणून ठेवला. एकही चित्र उघडून पाहिलं नाही. गठ्ठे फोडायची पद्धत नव्हती. पासबुक काढून गेट पास लिहिला, एक प्रत फाडून खिशात ठेवली, आणि नात न्हाऊन आली तेव्हा ते पुन्हा शेंगदाणे निवडत होते.

भवानी पेठेतला हॉल जुना, दगडी आणि थंडगार होता. भिंती इतक्या जाड की फोनची रेंज उंबऱ्याशी चप्पल काढल्यासारखी बाहेरच राहायची. दहा बायका सतरंजीवर, सोजरबाई खुर्चीवर. सोजरबाईंनी तरुणपणी विड्या वळल्या होत्या आणि अजूनही त्या बोलताना एकेक शब्द मोजून, दोरा गुंडाळून ठेवल्यासारखा ठेवत. मागे भिंतीला टेकून सिद्धप्पा, त्यांच्या मांडीवर चिन्नी, शेजारी प्रभु.

आधी युवराजची पाळी. मुलगा चांगला होता, शर्ट कडक इस्त्रीचा. पुण्याच्या कंपनीने नमुन्याचं पान नेटवर ठेवलं होतं. त्याने ते उघडलं आणि टीव्हीवर एक गोल वर्तुळ फिरायला लागलं. फिरतच राहिलं. तो फोन उंच धरून दारात गेला, मग दाराबाहेर, मग रस्त्यावर.

"लई झ्याक फिरतंय," बजाबाई म्हणाल्या. "पर हाय काय ते?"

"येतंय, मावशी. नेट नाही इथं," युवराज रस्त्यावरून ओरडून म्हणाला.

पाच मिनिटं सगळ्यांनी वर्तुळ पाहिलं. मग सोजरबाईंनी हात केला, तसा युवराज येऊन बसला. पार्वतम्मांनी पदर सावरला. सुनेकडे न बघता त्या हळूच म्हणाल्या, "तुजं नेटबिगर उगडतंय न्हवं?"

"उघडतं, आत्या."

शिवानीने पेनड्राइव्ह लावला आणि पान उघडलं. फट्दिशी उघडलं. वर ठसठशीत अक्षरांत गटाचं नाव. खाली: ज्वारीची कडक भाकरी. हाताने थापलेली, महिनाभर टिकणारी. आणि त्याच्या वर, मानेपर्यंत फेसात बुडालेलं एक पांढरंशुभ्र कुत्रं.

शिवानीला वाटलं, आपल्यालाच तसं दिसतंय. खात्री करायला तिने पान खाली सरकवलं. बाजरीची कडक भाकरी: टॉवेल गुंडाळलेलं तपकिरी कुत्रं. शेंगाचटणी, उखळात कुटलेली: एक पिल्लू, काकुळतीने वर बघणारं.

"भू भू," मागून चिन्नी आनंदाने किंचाळली. तिला वाटलं आता घास येणार. तिने तोंड उघडलं.

पान थांबवायला म्हणून शिवानीने घाईने हात मारला तर ते थेट शेवटाला गेलं. तिथे लिहिलं होतं, आमच्या कारागीर. एका ओळीत तीन कुत्री. रिबीनवालं, त्याखाली बजाबाई. लांब कानांचं, त्याखाली पार्वतम्मा. मध्ये एक जाडजूड, गाल लोंबणारं, कपाळाला आठ्या घातलेलं, आणि त्याखाली अध्यक्ष, सोजरबाई.

सोजरबाईंनी कमरेची चष्म्याची डबी काढली, चष्मा लावला, आणि टीव्हीकडे नीट पाहिलं. कुत्र्यानेही त्यांच्याकडे तसंच पाहिलं.

"ह्यो मी का?" त्यांनी विचारलं.

"माज्यापेक्षा गोरं हाय माजं," बजाबाई म्हणाल्या, आणि कोपऱ्यात कोणीतरी पदर तोंडात कोंबला.

शिवानीला रडू येत होतं आणि रडायची सोय नव्हती. तिने मागे पाहिलं तर प्रभु छताकडे बघत होता. आता सासूबाई म्हणणार, ताप आलाय. ती वाट बघत राहिली.

पार्वतम्मा उभ्या राहिल्या. त्यांना वेबसाइटमधलं काही कळत नव्हतं. पण समोर जुनं आलंय आणि नवं कुठेतरी मागे दडलंय, हे त्यांनी पाहिल्याबरोबर ओळखलं. चौतीस वर्षं त्यांनी तेच लोणचं खाल्लं होतं. त्या सावकाश वळल्या आणि हॉलच्या मागच्या भिंतीकडे बघून म्हणाल्या, "अवो. तुमी हात लावलासा काय?"

"काय?" सिद्धप्पा म्हणाले.

"जुना माल आदी काडलासा?"

"पद्धतच हाय ती," सिद्धप्पा म्हणाले. आवाजात अभिमान होता, कारण पडद्यावरचं कुत्रं त्यांनी अजून घोटाळा म्हणून पाहिलंच नव्हतं. ते रोजच्या ओळखीचं होतं. "जूनचा लॉट पडून हुता. डिसेंबरचा चडवत हुती पोर."

"आन् डिसेंबरचा कुटं घातलासा?"

सिद्धप्पांनी चिन्नीला प्रभुकडे दिलं, खिशातून घडी काढली, उलगडली आणि मिलच्या दारात वाचावं तशा आवाजात वाचली. "गाडी: पेनड्राइव्ह, एक नग. पुढं: चित्रं चोवीस, जुना लॉट. मागं: शिल्लक नावाच्या खणात, चित्रं चोवीस, नवा लॉट. सही."

पार्वतम्मा सोजरबाईंकडे वळल्या. "माल गाडीतच हाय. चडवताना खण चुकलाय. करनारीची चूक न्हाय. दोन मिनिटं द्या तिला."

'करनारीची' हा शब्द शिवानीने ऐकला. तिने डोळे पुसले नाहीत, कारण वेळ नव्हता. परक्या कॉम्प्युटरवर, अकरा बायकांच्या आणि युवराजच्या देखत, तिने 'शिल्लक' फोल्डर उघडला. काय करते आहे ते ती बोलत गेली, जसं सासऱ्यांनी तिला सांगितलं होतं तसं: पानात चित्र नाही, खणाचा नंबर आहे. पान त्या खणात हात घालतं आणि जे हाताला लागेल ते दाखवतं. त्याने भाकरीच मागितली होती, खणात कुत्रं होतं. आता जुना माल बाहेर, नवा त्याच खणात. पानाला हात लावायचा नाही.

"भाकरीच्या डब्यात धुण्याचा साबण ठिवल्यावानी," बजाबाई म्हणाल्या.

"तसंच, मावशी."

तिने पान पुन्हा उघडलं.

ज्वारीची भाकरी तव्यावर टम्म फुगलेली होती, कडेला किंचित जळकी, आणि तिच्या वर एक हात, ज्याच्या मनगटाला पीठ लागलं होतं. हॉलमधल्या सगळ्या बायका जरा पुढे सरकल्या. त्या तव्यापुढे वर्षानुवर्षं बसत होत्या, पण समोरून कोणी कधी पाहिलं नव्हतं. पान खाली जात राहिलं. चवडी, परात, उखळ. मग कारागीर. बजाबाईंचा पदराआडचा डोळा दिसला आणि त्या इतकंच म्हणाल्या, "पावडर न्हवती तरी बरी आलीय की." सोजरबाई त्यांच्या फोटोत भाकरी उन्हाकडे धरून पारखत होत्या. कपाळाला आठ्या होत्या, पण त्या काम चोख बघणाऱ्या बाईच्या होत्या. खऱ्या सोजरबाई बराच वेळ स्वतःकडे बघत बसल्या. मग त्यांनी चष्मा पुसला, जरा जास्तच पुसला.

युवराज उठून कॉम्प्युटरपाशी आला. त्याने नेट बंद आहे ना ते एकदा तपासलं आणि शिवानीला विचारलं, अक्षरंसुद्धा फोल्डरातच आणून ठेवलीत का. ती हो म्हणाली. तो म्हणाला, आमच्या कंपनीत हे कोणाला सुचलं नाही, आणि सोजरबाईंकडे बघून मान डोलावली.

फक्त चिन्नी भोकाड पसरून रडत होती. तिची कुत्री गेली होती.

सोजरबाईंनी ठरावाची वही उघडली आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं. "वेबसाइटचं काम पार्वतम्माच्या सुनेला देण्यात यावं."

"नाव हाय की तिला," पार्वतम्मा म्हणाल्या.

सोजरबाईंनी पेन थांबवलं. वहीत खाडाखोड त्यांना चालत नसे. तरी त्यांनी 'पार्वतम्माच्या सुनेला' यावर एक रेघ मारली आणि वर लिहिलं, शिवानीला.

रिक्षात सिद्धप्पा दोनदा म्हणाले की नियम चुकीचा नव्हता. घरी आल्यावर पार्वतम्मांनी स्टूल घेतलं, फळीवरची या वर्षीची लोणच्याची बरणी खाली काढली, तोंडाला बांधलेला कापडाचा दादरा सोडला आणि सगळ्यांच्या ताटात एकेक फोड वाढली. जुनी बरणी अर्धी भरलेली शेजारीच होती. सिद्धप्पांनी तिच्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि फोड तोंडात टाकली. थोड्या वेळाने त्यांनी ताट पुढे केलं.

"आनकी एक वाड," ते म्हणाले. "करकरीत हाय की गं."

"चौतीस वर्सं करकरीतच हुतं," पार्वतम्मा म्हणाल्या.

मंगळवारी दुपारी पान नेटवर चढवायचं होतं. शिवानी इस्त्रीच्या टेबलाशी बसली, पायाच्या अंगठ्याला दोरी. सिद्धप्पा पासबुक घेऊन शेजारी उभे. ह्या वेळी त्यांनी नियमाला फाटा देऊन चोवीसही गठ्ठे फोडायला लावले, प्रत्येक चित्र डोळ्यांनी पाहिलं, मग लिहिलं: पान एक, चित्रं चोवीस, भाकरीची. खाली आणखी एक ओळ: कुत्री चोवीस, घरीच, चिन्नीच्या जेवणासाठी राखीव.

"सोडू का, मामा?"

"सोड."

"थांब," पार्वतम्मा दारातून म्हणाल्या. त्या आज भवानी पेठेत उशिरा जाणार होत्या. श्रीदेवीला त्यांनी सकाळीच सांगितलं होतं की सुनेच्या कामाचा आज मोठा दिवस आहे. त्या येऊन टेबलाशी वाकल्या आणि कारागिरांच्या ओळीत स्वतःच्या फोटोखाली बोट ठेवलं.

"हितं चुकलंय."

शिवानीने हात मागे घेतला. "काय चुकलं, आत्या?"

"निस्तं पार्वतम्मा लिवलंयस. कुटली पार्वतम्मा? आमच्या पेठेत तीन हायत."

"मग काय लिहू?"

पार्वतम्मांनी जरा विचार केला. म्हणजे विचार आधीच झालेला होता, पण केल्यासारखं केलं.

"लिव, शिवानीची सासू."

सिद्धप्पांनी गेट पासवर तशी दुरुस्ती करून बाजूला सही केली. शिवानी अक्षरं लिहायला लागली, आणि लिहिताना तिचा पाय थांबला. दोन शब्द पुरे झाल्यावर तिच्या ते ध्यानात आलं आणि ती दचकून झोळीकडे वळली. चिन्नी गाढ झोपली होती आणि झोळी हलत होती. दोरी तिच्या अंगठ्याला नव्हतीच. दोरी धरून पार्वतम्मा जमिनीवर बसल्या होत्या, आणि डोळ्यांनी तिला खुणावत होत्या की इकडे काय बघतेस, तुझं काम कर.